बिनपट्ट्यांच्या वस्तीरस्त्यावर ओव्हरटेक : कायदा काय सांगतो?

पुढची गाडी अगदी हळू चालली आहे. रस्त्यावर पांढरी वा पिवळी पट्टी कुठेच मारलेली नाही. वेगमर्यादेची पाटी नाही, चौकात शिपाई नाही. अशा वेळी त्या गाडीला मागे टाकून पुढे जाणे हा गुन्हा ठरतो काय? नव्याने लायसन्स काढणारे विद्यार्थी हा प्रश्न नेहमी विचारतात आणि त्यांना सहसा दोन परस्परविरोधी उत्तरे मिळतात. कोणी सांगतो, "पट्टी नाही म्हणजे बंदी नाही, खुशाल काढा." दुसरा सांगतो, "वस्तीत ओव्हरटेक करताच येत नाही." ही दोन्ही उत्तरे चुकीची आहेत. पट्टी नसलेल्या वस्तीरस्त्यावर पुढे जाण्यास कायद्याने सरसकट मनाई केलेली नाही. परंतु पट्टी नाही म्हणून मोकळीकही दिलेली नाही. पुढची गाडी किती हळू आहे, हा कायद्याच्या दृष्टीने मुख्य प्रश्नच नव्हे. पुढचा रस्ता तुम्हाला दिसतो आहे काय आणि तुमच्या पुढे जाण्याने कोणाची अडचण होते काय, हे दोन प्रश्न मुख्य आहेत. प्रस्तुत लेखात याच दोन प्रश्नांचा उलगडा करण्याचा प्रयत्न आहे.

आधी रस्ता कोणता, ते ध्यानात घेऊ. अमरावतीत राजकमल चौक, जयस्तंभ, इर्विन चौक, पंचवटी या भागांतील मोठ्या मार्गांवर दुभाजक आहेत, सिग्नल आहेत. पण तेथून आत वळून फ्रेझरपुरा, रुक्मिणीनगर, गाडगेनगर, साईनगर अशा वस्त्यांत शिरले की चित्र पालटते. अकोल्यात टॉवर चौक किंवा अशोक वाटिकेकडून निघून जठारपेठ, कौलखेड, उमरी किंवा डाबकी रोडच्या आतल्या गल्ल्यांत गेलात तरी तेच. नकाशावर लेआउटचा रस्ता तीस फुटी असतो. त्यात दोन्ही बाजूंच्या नाल्या, घरांचे ओटे व पायऱ्या, उभ्या केलेल्या गाड्या, विटा-रेतीचे ढीग वजा केले की प्रत्यक्ष चालायला जेमतेम दहा-बारा फूट उरतात. त्यातच भाजीची हातगाडी, शाळकरी मुलांचा ऑटो, ई-रिक्षा, सायकलवरून पेन्शन आणायला निघालेले आजोबा, एल अक्षर लावून शिकणारी मुलगी आणि हंगामात एखादी बंडी किंवा कापसाने भरलेला ट्रॅक्टर. ही सर्व मंडळी हळूच चालणार. त्यांचे हळू चालणे हा दोष नव्हे, तो त्या रस्त्याचा स्वभाव आहे.

कायदा कोणता लागतो?

पुष्कळांचा समज असा की, कॉलनीतील आतला रस्ता हा काही सरकारी रस्ता नव्हे, तेव्हा तेथे वाहतुकीचे नियम लागत नाहीत. लेआउट अजून महानगरपालिकेकडे हस्तांतरित झालेले नसेल तर हा समज अधिकच पक्का होतो. परंतु मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम २(३४) मध्ये 'सार्वजनिक स्थान' या शब्दाची व्याख्या फार व्यापक आहे. ज्या रस्त्यावर, गल्लीत वा जागेत लोकांना जाण्यायेण्याचा हक्क आहे ती जागा सार्वजनिक स्थान होय. मग तो रस्ता आरपार जाणारा असो वा पुढे बंद होणारा असो. म्हणजे ज्या बंद गल्लीत पोस्टमन, दूधवाला आणि पाहुणे रोज विनापरवानगी येतात, तेथे नियम लागू आहेत. रस्त्याचे डांबरीकरण कोणी केले आणि कर कोण घेतो याचा त्याच्याशी संबंध नाही.

विद्यार्थ्यांनी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी, स्पर्धा परीक्षेतही ती उपयोगी पडेल. आपल्या संविधानाच्या सातव्या अनुसूचीतील समवर्ती सूचीत ३५ व्या नोंदीत यांत्रिक वाहनांचा विषय आहे. म्हणून केंद्राचा कायदा सर्व देशाला लागतो आणि राज्यालाही त्यात आपले नियम करता येतात. १९३९ चा जुना अधिनियम जाऊन १९८८ चा अधिनियम १ जुलै १९८९ पासून अमलात आला. रस्त्यावर गाडी कशी चालवावी याचे तपशीलवार नियम करण्याचा अधिकार कलम ११८ ने केंद्र शासनाला दिला आहे. त्यानुसार प्रथम १९८९ चे रस्त्याचे नियम आले. जून २०१७ मध्ये त्यांची जागा मोटार वाहन (वाहनचालन) विनियमांनी घेतली. ज्यांनी जुन्या पुस्तिकेवरून अभ्यास करून लायसन्स काढले त्यांनी घाबरून जाण्याचे कारण नाही. ओव्हरटेकचे मूळ तत्त्व जुन्या व नव्या नियमांत एकच आहे. नव्या नियमांत ते अधिक विस्ताराने मांडले आहे.

आता पट्टीबद्दल. पट्टी ही रस्त्यावर लिहिलेली सूचना असते. पिवळ्या रेषेने रस्ता दुभागला असेल तर पुढे जाताना ती ओलांडू नये, असे १९८९ च्या नियमांनी स्पष्ट सांगितले होते. रस्ता आखलेला असेल तर आपल्याच रांगेतून चालावे आणि इशारा देऊन मगच रांग बदलावी, हेही त्यात होते. जेथे पट्टीच नाही तेथे ही विशिष्ट बंधने लागू होत नाहीत, हे खरे. परंतु ओव्हरटेकचे सर्वसाधारण नियम पट्टीवर अवलंबूनच नाहीत. ते खडीच्या रस्त्यालाही लागतात आणि पांदण रस्त्यालाही, जर तेथे लोकांचा वहिवाटीचा हक्क असेल तर. पट्टी आखलेल्या रस्त्यावर कुठे जपावे हे रस्ता अभियंत्याने आधीच ठरवून दिलेले असते. बिनपट्टीच्या रस्त्यावर ते काम चालकाला स्वतः करावे लागते. म्हणजे येथे त्याची जबाबदारी घटत नाही, उलट वाढते. एखादा तरुण पोलिसांना "इथे पट्टी कुठे होती?" असे विचारतो तेव्हा तो आपल्याच विरुद्ध बोलत असतो.

दिसणे आणि अडचण

पुढे जाण्यास मनाई कोठे आहे? १९८९ च्या नियमांपासून चालत आलेल्या अटी सोप्या भाषेत अशा सांगता येतील. आपल्या पुढे जाण्याने कोणत्याही दिशेने जाणाऱ्या इतर वाहतुकीला गैरसोय किंवा धोका होण्याचा संभव असेल, तर पुढे जाऊ नये. वळण, कोपरा, चढ किंवा दुसऱ्या कोणत्याही अडथळ्यामुळे पुढचा रस्ता स्पष्ट दिसत नसेल, तर जाऊ नये. आणि आपल्या मागच्या चालकाने आपल्याला ओलांडण्यास सुरुवात केली आहे हे माहीत असेल, तरी जाऊ नये. जुन्या नियमांत आणखी एक अट होती, ती म्हणजे पुढच्या चालकाने हाताने 'या' अशी खूण केल्याशिवाय पुढे जाऊ नये. आपल्याकडे 'साइड मागणे' आणि 'साइड देणे' हे जे शब्द रूढ आहेत त्यांत तीच रीत दिसते. ट्रकचा क्लीनर खिडकीतून हात काढून साइड देत असे, हे जुन्या मंडळींना आठवेल.

वस्तीच्या रस्त्यावर यातील दुसरी अट सर्वांत महत्त्वाची. 'दुसरा कोणताही अडथळा' हे शब्द नीट वाचावेत. मेळघाटात सेमाडोहकडे जाताना घाटाचे वळण असते, तेथे कोणीही सांगेल की पुढचे दिसत नाही. पण सरळ गल्लीतही दृष्टी अडते, हे आपल्या ध्यानात येत नाही. समोर उभा असलेला टेम्पो, रस्त्यावर आलेला लग्नाचा मांडव, कोपऱ्यावरची उंच भिंत, नळाच्या कामासाठी टाकलेला मुरमाचा ढीग, एवढेच नव्हे तर ज्याला ओलांडायचे तो ऑटोसुद्धा, हे सर्व दृष्टीचे अडथळेच आहेत. मूल ऑटोच्या पुढून पळत आले तर ते मागच्या मोटारसायकलस्वाराला शेवटच्या क्षणापर्यंत दिसत नाही.

थोडे गणित करून पाहू. आपल्या विद्यार्थ्यांना ते अवघड नाही. समजा, एक ऑटो ताशी १५ किलोमीटर वेगाने चालला आहे आणि मागचा मोटारसायकलस्वार ताशी ३० किलोमीटर वेगाने त्याला ओलांडतो. दोघांच्या वेगातील फरक ताशी १५ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला सुमारे ४ मीटर. ऑटोच्या पाच मीटर मागून निघून पाच मीटर पुढे येईपर्यंत, दोन्ही वाहनांची लांबी धरून, त्याला सुमारे १५ मीटरची आघाडी मिळवावी लागते. त्यास साडेतीन सेकंदांहून थोडा अधिक वेळ लागतो आणि तेवढ्या वेळात मोटारसायकल ३० मीटर पुढे गेलेली असते. समोरूनही कोणी ताशी ३० च्या वेगाने येत असेल तर तोही तेवढ्याच वेळात ३० मीटर जवळ येतो. म्हणजे निदान ६० मीटर, जवळजवळ दोनशे फूट, रस्ता स्वच्छ दिसला पाहिजे. आपल्या गल्लीत सलग दोनशे फूट मोकळा आणि दिसणारा रस्ता किती ठिकाणी आहे, ते ज्याने त्याने घराबाहेर उभे राहून मोजावे. पन्नास-साठ फुटांवर एक घराचे फाटक, प्रत्येक फाटकामागे एक लहान मूल किंवा एक म्हातारे माणूस, असा हा रस्ता असतो.

आणि एवढे करून वाचते काय? तीनशे मीटरची गल्ली ताशी १५ च्या वेगाने पार करायला ७२ सेकंद लागतात, ताशी ३० च्या वेगाने ३६. छत्तीस सेकंदांची ही बचत पुढच्या चौकात वळणासाठी थांबताना संपून जाते.

आता 'गैरसोय' या शब्दाकडे वळू. कायद्याने केवळ धोका म्हटलेले नाही, गैरसोयही म्हटले आहे, आणि तीही 'कोणत्याही दिशेने' जाणाऱ्याची. समोरून येणाऱ्या सायकलस्वाराला तुमच्यासाठी नालीच्या काठावर उतरावे लागले, तर अपघात झाला नाही तरी नियमभंग झालाच. ज्याला ओलांडले त्याला करकचून ब्रेक दाबावा लागला, म्हणजे आपल्याकडच्या भाषेत तुम्ही 'कट मारला', तरीही तेच. माझ्या मते या एका शब्दात वस्तीरस्त्याचा सगळा शिष्टाचार आला आहे. धोका किती होता यावर वाद घालता येतो. समोरच्याला बाजूला व्हावे लागले की नाही, यावर वाद होत नाही.

पुढे जायचे ते उजव्या बाजूनेच. डावीकडून जाण्याची मुभा एका ठरावीक प्रसंगी आहे. पुढच्या चालकाने उजवीकडे वळण्याचा इशारा दिला असेल आणि तो रस्त्याच्या मध्याकडे सरकला असेल, तर त्याच्या डावीकडून जाता येते. ऑटो डाव्या बाजूला उभा राहतो, प्रवासी डावीकडूनच उतरतात आणि दुचाकीस्वार नाली व ऑटो यांच्या मधल्या फटीतून गाडी घालतो, हा प्रकार आपल्या दोन्ही शहरांत रोज दिसतो. तो नियमाविरुद्ध आहेच, शिवाय शाळेच्या ऑटोच्या बाबतीत तर अक्षम्य आहे. कारण मूल उतरताना मागे पाहत नाही, ते शाळेच्या फाटकाकडे पाहते.

चौकांबद्दल थोडक्यात. गल्ल्यांच्या चौकात वेग कमी करावा आणि कोणाच्याही सुरक्षिततेला धोका होणार नाही अशी खात्री झाल्यावरच आत शिरावे, असा नियम आहे. दोन्ही रस्ते सारखेच असतील तर उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यावे. हा उजव्या हाताचा नियम फार थोड्यांना ठाऊक आहे. मोठा हॉर्न वाजवील तो आधी, असाच नियम असल्यासारखे लोक वागतात. चौकाच्या तोंडाशी कोणाला ओलांडू नये, कारण आडव्या गल्लीतून येणाऱ्याला पुढची गाडी दिसते, तिच्या आडून निघालेले तुम्ही दिसत नाही.

हळू चालणाऱ्याचीही कर्तव्ये आहेत

सर्व दोष तरुणांच्या माथी मारणे योग्य होणार नाही. हळू चालणारालाही कायद्याने काही बंधने घातली आहेत. पहिले, त्याने शक्य तितके डावीकडून चालावे. रस्त्याच्या मधोमध, मोबाइलवर बोलत, रमतगमत चालवणे हा हक्क नव्हे. वाहन चालवताना हातात धरून मोबाइल वापरणे हे तर २०१९ च्या दुरुस्तीपासून धोकादायक वाहनचालनाच्या कलमातच आले आहे. दुसरे, आपल्याला कोणी ओलांडत असेल तर आपला वेग वाढवू नये आणि त्याला अडेल असे काही करू नये. महाविद्यालयीन मुलांत येथेच खोड असते. मागचा पुढे निघाला की पुढच्याला अपमान वाटतो, तो अ‍ॅक्सिलरेटर पिळतो आणि दोघे शेजारीशेजारी गल्लीभर धावतात. या स्थितीत अपघात झाला तर ओलांडणारा आणि अडवणारा दोघेही जबाबदार धरले जाऊ शकतात.

केवळ हळू चालवणे मात्र गुन्हा नाही. किमान वेगाचा फलक नसलेल्या वस्तीरस्त्यावर "इतक्या वेगाने चाललेच पाहिजे" असे बंधन नसते. कलम ११२ नुसार ठरते ती कमाल वेगाची मर्यादा, आणि कमाल म्हणजे त्याहून अधिक नको एवढाच अर्थ. तिथवर जाण्याचा तो हक्क नव्हे. शिकाऊ चालकाच्या गाडीवर पांढऱ्या पाटीवर लाल रंगात एल अक्षर असते. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ नुसार ती पाटी निदान १८ सेंटीमीटर चौरस आणि अक्षर निदान १० सेंटीमीटर उंच असावे लागते. ती मागच्याला दुरून दिसावी म्हणूनच हे माप ठरवून दिले आहे. एल दिसला की अंतर वाढवायचे. आपल्याकडे एल दिसला की हॉर्न वाढतो.

हॉर्नविषयी सांगायचे तर, सुरक्षिततेसाठी आवश्यक असेल तेवढाच हॉर्न वाजवावा. विनाकारण, सतत वा गरजेहून अधिक वाजवू नये, असा नियम आहे. हॉर्न म्हणजे 'मी येत आहे' ही सूचना. 'तू बाजूला हो' हा हुकूम त्यातून देता येत नाही. डिपर मारल्यानेही पुढे जाण्याचा अधिकार उत्पन्न होत नाही. बंडीच्या बैलांजवळ जाऊन कर्कश हॉर्न वाजवणाऱ्याला तर बैल बुजल्यावर काय होते याची कल्पना नसते. पोळ्याच्या दिवशी सजवलेल्या जोड्या गल्लीतून जातात तेव्हा हे विशेष सांभाळावे. रुग्णवाहिका व अग्निशमन दलाची गाडी यांची गोष्ट निराळी. त्यांना वाट देणे बंधनकारक आहे आणि न दिल्यास कलम १९४-ई नुसार दहा हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. अशा वेळी थांबून घराच्या फाटकाशी सरकावे. तिच्या मागे लागून आपलीही वाट काढून घेऊ नये.

ओव्हरटेकची ही घाई येते कुठून? माझ्या समजुतीप्रमाणे ती महामार्गावरून येते. अमरावती-अकोला हा पूर्वीचा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ६, आता ५३. एकेकाळी या मार्गावरील खड्ड्यांची चर्चा प्रत्येक लग्नात होत असे. जून २०२२ मध्ये याच मार्गावर लोणी ते माना यांच्या दरम्यान ७५ किलोमीटर लांबीचे एका मार्गिकेचे डांबरीकरण १०५ तास ३३ मिनिटांत सलग पूर्ण झाले आणि त्याची नोंद गिनीज बुकात झाली. वऱ्हाडाला अभिमान वाटावा अशीच ती गोष्ट. परंतु रुंद रस्त्यावर ताशी ८० च्या वेगाने तास-दीड तास गाडी हाकून जो बडनेऱ्याकडून शहरात शिरतो, त्याला ३० चा वेग बैलगाडीसारखा भासतो. डोळ्यांची ती सवय मोडायला काही वेळ लागतो आणि नेमक्या त्याच वेळेत तो आपल्या गल्लीत पोहोचलेला असतो.

शिक्षा, आणि त्याहून मोठा प्रश्न

१ सप्टेंबर २०१९ पासून अमलात आलेल्या दुरुस्तीने दंड बरेच वाढले. कलम ११८ खालील वाहनचालनाचे विनियम मोडल्यास कलम १७७-अ नुसार पाचशे ते हजार रुपये दंड आहे. परंतु ओव्हरटेकच्या बाबतीत खरे महत्त्व कलम १८४ ला आहे. धोकादायक वाहनचालन म्हणजे काय, याचे स्पष्टीकरण दुरुस्तीने त्यात घातले आणि त्या यादीत 'कायद्याविरुद्ध रीतीने दुसऱ्या वाहनास ओलांडणे' हा प्रकार नावानिशी घेतला. पहिल्या गुन्ह्यास सहा महिने ते एक वर्ष कारावास, किंवा एक हजार ते पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. तीन वर्षांच्या आत पुन्हा तोच गुन्हा घडल्यास दोन वर्षांपर्यंत कारावास किंवा दहा हजार रुपये दंड किंवा दोन्ही. पट्टी नसलेली गल्ली यातून वगळलेली नाही.

याखेरीज फौजदारी कायदा आहे. सार्वजनिक मार्गावर बेदरकारपणे गाडी हाकणे हा पूर्वी भारतीय दंड संहितेच्या कलम २७९ चा गुन्हा होता. १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. आता तो तिच्या कलम २८१ खाली येतो. निष्काळजीपणाने मृत्यू घडल्यास जुन्या कलम ३०४-अ खाली कमाल शिक्षा दोन वर्षांची होती, ती नव्या कलम १०६ मध्ये पाच वर्षांपर्यंत गेली आहे. नोकरीच्या अर्जात "आपल्याविरुद्ध फौजदारी खटला प्रलंबित आहे काय?" हा रकाना असतो. पोलीस भरती, रेल्वे वा बँकेच्या परीक्षेची तयारी करणाऱ्या आपल्या मुलांना या रकान्याची किंमत वेगळी सांगायला नको.

अल्पवयीन मुलांच्या पालकांनी पुढील भाग दोनदा वाचावा. गाडी चालवण्याचे वय १८ पूर्ण. सोळाव्या वर्षी परवानगी आहे ती ५० सीसीपर्यंतच्या इंजिनाच्या दुचाकीपुरती, आणि आज घरोघरी असलेल्या पेट्रोलच्या बहुतेक स्कूटरांची इंजिने त्याच्या दुपटीची आहेत. विनालायसन्स अल्पवयीन मुलाने चालवताना गुन्हा केला तर कलम १९९-अ नुसार पालक किंवा गाडीचा मालक दोषी धरला जातो. त्यास तीन वर्षांपर्यंत कारावास आणि पंचवीस हजार रुपये दंड होऊ शकतो. गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते आणि त्या मुलाला वयाच्या पंचविसाव्या वर्षापर्यंत लायसन्स मिळत नाही. आपल्याला माहीत नव्हते किंवा आपण ते रोखण्याची सर्व काळजी घेतली होती, हे सिद्ध करण्याचा भार पालकावरच असतो. "ट्यूशनला जायचे म्हणून दिली" हे उत्तर तेथे उपयोगी पडत नाही.

शिक्षा होईल किंवा न होईल, पण अपघातानंतर कुटुंबाला जी भरपाई मिळायची तिच्यावर ओव्हरटेकचा परिणाम हमखास होतो, आणि हा मुद्दा आपल्या समाजात कोणी समजावून सांगत नाही. अमरावती किंवा अकोल्याच्या जिल्हा न्यायालयात मोटार अपघात दावा न्यायाधिकरण असते. जखमी व्यक्ती किंवा मृताचे वारस तेथे कलम १६६ खाली दावा लावतात. विमा कंपनीचे वकील सर्वप्रथम काय शोधतात, तर जखमी स्वतः किती चुकला. कायद्यात त्याला अंशदायी निष्काळजीपणा म्हणतात. समजा, एका घरातील कमावता मुलगा गल्लीत ऑटोला ओलांडताना समोरच्या चारचाकीवर आदळून मरण पावला. चारचाकीवाला वेगात होता, त्याची चूक मोठी. एकूण भरपाई दहा लाख रुपये ठरली. पण न दिसणाऱ्या कोपऱ्यावर मुलाने ओव्हरटेक केला होता हे पंचनाम्यावरून सिद्ध झाले आणि त्याचा दोष तीस टक्के धरला, तर हाती पडतील सात लाख. वजा झालेल्या तीन लाखांचा भार त्याच्या आईवर आणि शिकणाऱ्या बहिणीवर पडतो.

म्हणूनच अपघातानंतर घटनास्थळाचा पंचनामा नीट होणे फार महत्त्वाचे. रस्त्याची प्रत्यक्ष रुंदी किती होती, दोन्ही कडांना कोणती वाहने वा बांधकामाचे साहित्य होते, किती अंतरापर्यंत दिसत होते, टायर घासल्याच्या खुणा कोठे आहेत, हे सर्व त्यात यावे. बिनपट्टीच्या रस्त्यावर 'कोण कोणाच्या बाजूला आला' हे रेषेवरून ठरवता येत नाही, मोजमापावरूनच ठरते. शक्य असल्यास मोबाइलने लगेच छायाचित्रे घ्यावीत, कारण रेतीचा ढीग दुसऱ्या दिवशी उचललेला असतो. जखमीला आधी दवाखान्यात न्यावे हे सांगणे नलगे. मदत करणाऱ्याला कलम १३४-अ ने संरक्षण दिलेले आहे, तेव्हा पोलिसांच्या चौकशीच्या भीतीने कोणी मागे राहू नये.

राहता राहिला प्रश्न, वस्तीने एकत्र येऊन काय करावे. बऱ्याच गल्ल्यांत लोक वर्गणी काढून रातोरात सिमेंटचा किंवा दगडमातीचा ब्रेकर घालतात. हेतू चांगला असला तरी हे बेकायदेशीर आहे आणि धोक्याचेही. भारतीय रस्ते परिषदेने १९८८ च्या आपल्या मार्गदर्शक सूचनांत ब्रेकरचे माप दिले होते ते १० सेंटीमीटर उंच पण ३.७ मीटर रुंद, म्हणजे ताशी २५ किलोमीटर वेगाने वाहन सुखरूप ओलांडावे असा हलका उंचवटा. आपल्या गल्लीतील ब्रेकर उंचीला त्याहून अधिक आणि रुंदीला हातभर असतो. रात्री न दिसल्याने त्यावर दुचाकी उडते, मागे बसलेली बाई पडते आणि वाहनांचा वेग मात्र ब्रेकर संपताच पूर्ववत होतो. वाहतुकीचे फलक लावण्याचा अधिकारही कलम ११६ नुसार राज्य शासन किंवा त्याने अधिकार दिलेल्या प्राधिकरणाचा आहे. वस्तीने आपल्या मनाने वेगमर्यादेची पाटी रंगवली तरी तिला कायदेशीर वजन येत नाही.

योग्य मार्ग लेखी अर्जाचा आहे. गल्लीची रुंदी, शाळा किंवा अंगणवाडी किती अंतरावर आहे, न दिसणारे कोपरे कोणते, आधी घडलेल्या अपघातांच्या तारखा, एवढी माहिती एका कागदावर लिहून रहिवाशांच्या सह्यांसह महानगरपालिकेच्या झोन कार्यालयात द्यावी. त्यात नियमानुसार गतिरोधक, शाळेचा फलक आणि आंधळ्या कोपऱ्यावर बहिर्गोल आरसा, अशी नेमकी मागणी करावी. अर्जाची एक प्रत अमरावतीत पोलीस आयुक्तालयाच्या वाहतूक शाखेला आणि अकोल्यात पोलीस अधीक्षकांच्या अखत्यारीतील शहर वाहतूक शाखेला द्यावी. पोच घ्यायला विसरू नये. महिनाभरात उत्तर आले नाही तर माहितीच्या अधिकाराखाली त्याच अर्जावर काय कार्यवाही झाली, एवढे एका ओळीत विचारता येते.